विश्लेषण: आंब्याचा हंगाम संपला, आता पहिली युरोपवारी... रत्नागिरीतून पोर्तुगालचा बेत कसा आखावा?

आंब्याची शेवटची पेटी वाशीला रवाना झाली, की रत्नागिरीतील बागायतदारांच्या घरात वर्षाचा हिशेब मांडला जातो. कर्जाचे हप्ते, खतांची बिले, मजुरी, मुलांच्या फिया यांतून काही शिल्लक उरली, तर अलीकडे त्या यादीत आणखी एक विषय येतो, तो म्हणजे परदेश सहल. दुबई, थायलंड करून झालेल्यांना आता युरोप खुणावतो. मात्र युरोपचा बेत विमानाच्या तिकिटापासून सुरू करणारे अनेक जण व्हिसाच्या टेबलावर अडतात. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांतील साधारण १५ टक्के नाकारले गेले. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. वर्षभराचे उत्पन्न आठ-दहा आठवड्यांत हाती येणाऱ्या कुटुंबासाठी तर हे कागदी गणित आणखी वेगळे असते. ते कसे सोडवायचे आणि पहिल्या सहलीसाठी पोर्तुगालसारखा एकच देश का निवडावा, याविषयी...

पहिल्याच सहलीसाठी पोर्तुगाल का?

‘दहा दिवसांत सात देश’ अशा सहलीत निम्मा वेळ बसमध्ये आणि उरलेला हॉटेलात सामान भरण्या-काढण्यात जातो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला एकच देश, दोन-तीन शहरे आणि आठ-नऊ रात्री हे प्रमाण झेपते. व्हिसाच्या दृष्टीनेही ते सोपे आहे, कारण ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा, असा नियम आहे. देश एकच असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

पोर्तुगाल हा आकाराने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान देश आहे. लिस्बन आणि पोर्तो या दोन मुख्य शहरांमधले अंतर साधारण रत्नागिरी ते मुंबई एवढे. रेल्वेने ते सुमारे तीन तासांत कापता येते.

दुसरे कारण इतिहासाचे. इटली किंवा फ्रान्सचा इतिहास कोकणी माणसाला पुस्तकातून भेटतो. पोर्तुगालचा इतिहास मात्र त्याच्या किनाऱ्यावर घडला आहे. ज्या हापूसवर रत्नागिरीचे अर्थकारण चालते, त्याचे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून आले, असे मानले जाते. काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणला. याच पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याने डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ बंदर उद्ध्वस्त केले. चौलच्या लढाईत मुलगा मारला गेल्याचा सूड घेण्यासाठी तो दीवकडे निघाला होता आणि वाटेत दाभोळ होते. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपत आली. त्यामुळे लिस्बनमध्ये उभा राहणारा रत्नागिरीकर हा केवळ पर्यटक नसतो. या गोष्टीची दुसरी बाजू त्याच्या जिल्ह्यात घडलेली असते.

सहलीची वेळ कशी ठरवावी?

रत्नागिरीत हे गणित ऋतूंपेक्षा घरच्या कामांवर ठरते. शाळांना सुट्टी मे महिन्यात असते, पण बागायतदाराला त्या वेळी बाग सोडता येत नाही. जून ते ऑगस्ट हा पोर्तुगालमधील कडक उन्हाचा, गर्दीचा आणि महागड्या हॉटेलांचा काळ. त्यानंतर आपल्याकडे गणपती येतात आणि मुंबईचे चाकरमानी गावाकडे येत असताना घर बंद ठेवून जाणे कोकणात कोणालाच जमत नाही.

उरतो तो गणपती आणि दिवाळी यांच्या मधला काळ. ऑक्टोबरपर्यंत कलमांना कल्टार देऊन झालेले असते आणि मोहोरावरच्या फवारण्यांना अवकाश असतो. घरची भातशेती असेल, तर कापणी पाहून तारीख मागे-पुढे करावी लागते. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबरचा पूर्वार्ध सुखद असतो. ऊन उतरलेले असते आणि खऱ्या पावसाला अजून सुरुवात झालेली नसते. शाळकरी मुले बरोबर असतील तर दिवाळीची सुट्टी हाच पर्याय उरतो. मात्र तिथे नोव्हेंबर हा पावसाचा महिना असल्याने छत्री बरोबर ठेवावी. त्या काळात हॉटेले तुलनेने स्वस्त मिळतात.

ऑक्टोबरचा प्रवास धरला तर उलटे वेळापत्रक असे मांडता येते.

– जानेवारी-फेब्रुवारी : सर्वांचे पासपोर्ट तपासणे, नवे काढणे
– मार्च ते जून : आंब्याच्या विक्रीच्या पट्ट्या, बिले, बँकेच्या नोंदी एकत्र ठेवणे
– जुलै : आयकर विवरणपत्र भरणे, मुक्काम-प्रवासाचा आराखडा, व्हिसा केंद्राची वेळ घेणे
– जुलैअखेर ते ऑगस्ट : व्हिसाचा अर्ज
– सप्टेंबर : व्हिसा हाती आल्यावर उरलेली आरक्षणे, परकीय चलन

पासपोर्टमध्ये काय पाहावे?

रत्नागिरीत पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने पासपोर्टसाठी जिल्ह्याबाहेर धावावे लागत नाही. प्रौढांसाठी ३६ पानांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असल्यास आणखी २,००० रुपये भरावे लागतात.

पासपोर्ट असलेल्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी. त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. मुलांचे पासपोर्ट सहसा पाच वर्षांचेच असतात. त्यामुळे आई-वडिलांचे पासपोर्ट चालू आणि मुलाचा संपलेला, असा घोळ होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत आधार, बँक खाते आणि पासपोर्ट यांवरील नावे जुळतात का, हेही याच टप्प्यावर पाहावे. सातबारावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असेल, तर पुढे प्रत्येक कागदाबरोबर खुलासा जोडावा लागतो.

व्हिसा कुठे, किती दिवसांत आणि किती रुपयांत?

पोर्तुगाल हा २९ देशांच्या शेंगेन क्षेत्रात येतो. एकाच व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते, मात्र कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयासाठी साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक तपासणी करायची ठरल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच प्रवासाच्या दोन ते अडीच महिने आधी अर्ज करणे शहाणपणाचे.

जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ते ४५ युरो असून सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. पती-पत्नी, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा असे चौघांचे कुटुंब असेल तर एकूण ३१५ युरो होतात. हिशेबासाठी एक युरो १०५ रुपये धरला, तर ही रक्कम ३३ हजार ७५ रुपये होते. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क त्याव्यतिरिक्त. अर्ज नाकारला गेला तर हे सारे पैसे पाण्यात जातात.

अर्ज बाहेरील कंपनीने चालवलेल्या व्हिसा केंद्रात स्वीकारले जातात, निर्णय मात्र संबंधित देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदाराला स्वतः जावे लागते. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात. पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास असल्याने अनेकांना गोवा सोयीचा वाटतो. पण अर्ज कुठे करायचा हे अंतरावर नाही, तर राहत्या पत्त्याच्या कार्यक्षेत्रावर ठरते. त्यामुळे वेळ घेण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर आपला जिल्हा कोणत्या केंद्राकडे येतो, ते तपासावे. मुंबईतील केंद्राची वेळ मिळाल्यास रात्रीच्या कोकणकन्येने निघून सकाळी मुंबई गाठता येते. तरीही वेळ दुपारची घ्यावी. पावसाळ्यात गाडी दोन-तीन तास उशिरा पोहोचणे कोकण रेल्वेच्या प्रवाशांना नवे नाही.

अर्ज नाकारले का जातात?

नकाराबरोबर एक ठरावीक छापील पत्र येते. त्यातील कारणांपैकी तीन सर्वाधिक महत्त्वाची आहेत. प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाचा तपशील पटला नाही, पुरेसे पैसे असल्याचे सिद्ध झाले नाही आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाल याची खात्री वाटली नाही. अर्ज तपासणारा अधिकारी अर्जदाराला ओळखत नसतो. पावस कुठे आहे, बागायतदार म्हणजे काय, आंब्याचा हंगाम कधी असतो, हे त्याला ठाऊक असेल असे गृहीत धरता येत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात आणि त्या कागदांनीच सगळी गोष्ट सांगायची असते.

नोकरदाराची गोष्ट सोपी आहे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार, कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र. बागायतदाराच्या खात्यात मात्र सात-आठ महिने फक्त खर्च दिसतो आणि एप्रिल ते जूनमध्ये अचानक मोठ्या रकमा जमा होतात. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून तरी उसने पैसे घेऊन खाते फुगवणाऱ्यांच्या नोंदीही अशाच दिसतात. दोन्हींतला फरक दाखवणे ही अर्जदाराची जबाबदारी असते.

बागायतदाराने आपले उत्पन्न कसे दाखवावे?

पहिली गोष्ट, बँकेचे विवरण. साधारण तीन ते सहा महिन्यांचे विवरण मागितले जाते. शक्य असेल तर स्वतःहून पूर्ण वर्षाचे जोडावे. मागच्या हंगामातही अशाच काळात अशाच रकमा जमा झाल्याचे त्यातून दिसते.

दुसरी गोष्ट, पट्ट्या. वाशीच्या अडत्याकडून येणारी पट्टी ही अनेक घरांत हिशेब झाल्यावर फायलीच्या तळाशी जाते. व्हिसासाठी ती महत्त्वाचा पुरावा ठरू शकते. तिच्यावर तारीख, पेट्यांची संख्या, दर, वजावट आणि निव्वळ रक्कम असते. तीच रक्कम बँकेच्या विवरणात दिसली, की जमा झालेल्या पैशाचा उगम स्पष्ट होतो. थेट ग्राहकांना पेट्या विकणाऱ्यांनी बिले आणि ऑनलाइन जमा झालेल्या रकमांच्या नोंदी ठेवाव्यात. रोखीने झालेली विक्री मात्र कागदावर दिसत नाही. त्यामुळे सहलीचा विचार असेल त्या हंगामात तरी जास्तीत जास्त व्यवहार बँकेतून करावेत.

तिसरी गोष्ट, आयकर विवरणपत्र. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक बागायतदार विवरणपत्र भरतच नाहीत. कर शून्य असला तरी विवरणपत्रात शेती उत्पन्नाचा रकाना असतो. दोन-तीन वर्षे सलग भरलेले विवरणपत्र उत्पन्नाची सरकारी नोंद म्हणून उपयोगी पडते. आंबा प्रक्रिया, होमस्टे किंवा दुकान असा जोडधंदा असेल तर त्याची नोंदणीही जोडावी.

चौथी गोष्ट, सातबारा आणि आठ-अ. घर, बाग, कलमे मागे आहेत, म्हणजे माणूस परत येणार, हे त्यातून दिसते. हे उतारे मराठीत असल्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. सामाईक सातबारा असेल तर आपला हिस्सा कोणता, हे स्पष्ट करावे.

शेवटची गोष्ट, एका पानाचे पत्र. कोण जाणार, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार, उत्पन्न वर्षातून कोणत्या महिन्यांत येते आणि का, परत आल्यावर बागेत कोणती कामे वाट पाहत आहेत, हे साध्या इंग्रजीत लिहावे. मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि आई-वडिलांचा खर्च तो करणार असेल, तर त्याचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि नात्याचा पुरावा जोडावा.

बनावट विवरणे किंवा खोटी आरक्षणे जोडून देणारे मध्यस्थ सगळीकडे आहेत. कागद खोटा निघाला तर नुसता नकार येऊन भागत नाही. पुढच्या अर्जांवरही त्याची सावली पडते. ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ कोणीही देऊ शकत नाही.

आधी तिकीट की आधी व्हिसा?

अर्जासोबत येण्या-जाण्याचे आणि मुक्कामाचे आरक्षण दाखवावे लागते. म्हणून अनेक जण स्वस्त पण परतावा न मिळणारे तिकीट काढून बसतात. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारे हॉटेल आणि बदलता किंवा रद्द करता येणारे तिकीटच घ्यावे. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी तो खर्च विम्यासारखा समजावा.

खरा विमाही सक्तीचा आहे. वैद्यकीय उपचार आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासाठी किमान ३० हजार युरोंचे संरक्षण असलेला, संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू होणारा प्रवास विमा हवा. मधुमेह, रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी आधीपासूनच्या आजारांबाबत पॉलिसीत काय लिहिले आहे, ते वाचावे. औषधे मूळ वेष्टनात ठेवून डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी.

रत्नागिरी ते लिस्बन : वाट कशी?

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे अथवा फ्रँकफर्ट, पॅरिससारख्या युरोपीय शहरांतून जावे लागते. यात एक महत्त्वाचा फरक आहे. आखाती शहर किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास युरोपची प्रवेश तपासणी लिस्बनला होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेल्यास ती तिथेच उरकावी लागते, कारण शेंगेन क्षेत्रातला पहिला विमानतळ तो असतो. अशा वेळी दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची नवी डिजिटल नोंदणी सुरू केली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदवले जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्यामुळे रांगेत जास्त वेळ लागू शकतो. किती दिवस राहिलात याची मोजणीही आता यंत्रच करते.

त्याआधी मुंबई गाठायची असते. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, दरड कोसळली तर थांबतात. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था तर सांगायला नको. विमान रात्रीचे असले तरी आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे हाच सुरक्षित मार्ग.

आठ रात्री कशा वाटाव्यात?

लिस्बनला चार, कोइंब्राला एक आणि पोर्तोला तीन रात्री, अशी विभागणी धावपळीविना जमते. उतरायचे लिस्बनला आणि परतीचे विमान पोर्तोहून घ्यायचे, असे तिकीट मिळाल्यास उलटा प्रवास वाचतो.

लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठ आहे. १५०१ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. मसाल्याच्या व्यापारावरील कराचा पैसा त्यात ओतला गेला. वास्को द गामाची समाधी इथेच आहे. हा मठ सोमवारी बंद असतो. जवळचा बेलें बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता, त्यामुळे तो पाहायचाच असेल तर निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर स्थिती पाहावी. नदीकाठी १९६० मध्ये उभारलेले दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे. त्यात वास्को द गामाबरोबर अल्बुकर्कचाही पुतळा आहे. इथे जे ‘शोधाचे युग’ म्हणून सांगितले जाते, ते दाभोळ आणि चौलच्या बाजूने पाहिले तर वेगळे दिसते. मुलांना दोन्ही बाजू सांगण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

मुंबईशी जोडलेली आणखी एक खूण शहराच्या जुन्या भागात आहे. १६६१ च्या विवाह करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली, ती ब्रागांझाच्या कॅथरीनमुळे. ही राजकन्या साओ विसेंते द फोरा मठातील राजघराण्याच्या दफनस्थळी विसावली आहे. शहराचा मधला भाग इतका सरळ, आखीव का दिसतो, याचे उत्तर १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आहे. भूकंप, त्सुनामी आणि आगीने लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर तो नव्याने आखून बांधला गेला.

एक दिवस सिंत्रासाठी ठेवावा. लिस्बनच्या रोसिओ स्थानकातून लोकल रेल्वेने तिथे सुमारे ४० मिनिटांत पोहोचता येते. टेकडीवरच्या रंगीत पेना राजवाड्याची तिकिटे ठरावीक वेळेची असतात, ती आधीच ऑनलाइन काढावीत. कोइंब्राला १२९० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे. तेथील जुन्या ग्रंथालयात पुस्तके खाणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त तिथे राहणारी वटवाघळे करतात. पोर्तोमध्ये साओ बेंतो रेल्वे स्थानकातील निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर देशाचा इतिहास चितारला आहे. लिस्बन-पोर्तो रेल्वेची तिकिटे आधी काढल्यास बरीच स्वस्त मिळतात.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर एक सूचना. लिस्बन आणि पोर्तो ही चढ-उताराची शहरे आहेत आणि पदपथांवरील गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात. नव्या चपला-बुटांचा हट्ट नको. पकड असलेले, वापरून सरावलेले बूट घालावेत.

खाणे, भाषा आणि पैसा : काय लक्षात ठेवावे?

पोर्तुगालमध्ये इंग्रजी बऱ्यापैकी चालते. शिवाय काही शब्द मराठी माणसाला आधीच येतात. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, साबण, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले. मासे खाणाऱ्यांची चंगळ असते. भाजलेली सार्डिन म्हणजे आपली तारलीच. शाकाहारींनी मात्र विचारून खावे. भाज्यांच्या सुपातही अनेकदा मांसाचा तुकडा असतो. ‘सें कार्ने, सें पेश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे सांगता आले तरी काम होते. लिस्बनमध्ये हिंदू समाजाची मोठी वस्ती आणि राधाकृष्ण मंदिर आहे. त्यांतील अनेक कुटुंबे मूळची गुजरातची असून मोझांबिकमार्गे तिथे गेली.

हॉटेलात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी टेबलावर येते. ते फुकट नसते. नको असेल तर हसून परत करावे, त्याचे पैसे लागत नाहीत. लिस्बनमध्ये प्रौढांना प्रत्येक रात्रीसाठी चार युरो पर्यटन कर द्यावा लागतो. दोघांच्या चार रात्रींचे ३२ युरो होतात आणि ते अनेकदा हॉटेलात वेगळे मागितले जातात.

तिथे यूपीआयवर विसंबून राहू नये. एक फॉरेक्स कार्ड, एक पर्यायी बँक कार्ड आणि थोडे रोख युरो पुरेसे. भारतातून जाताना एका प्रवासात जास्तीत जास्त तीन हजार डॉलरएवढे परकीय चलन रोख नेता येते. कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारल्यास युरो निवडावे, रुपयांचा पर्याय महाग पडतो. लिस्बनच्या प्रसिद्ध २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात, हे तिथले लोकच सांगतात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून त्याची प्रत बरोबर बाळगावी. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. लिस्बनमध्ये भारतीय दूतावासही आहे.

हापूस बरोबर नेता येतो का?

नाही. युरोपीय महासंघात प्रवाशांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळे नेता येतात. आंबा त्यात नाही. फळमाशीच्या कारणावरून २०१४ मध्ये युरोपने भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण निर्यातीचे नियम कडकच राहिले. पेढे, खवा, तूप यांसारखे दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. सीलबंद आंबापोळी, आमसुले आणि भाजलेले काजू मात्र बॅगेत ठेवता येतात. सुक्या मासळीला वैयक्तिक वापरासाठी परवानगी आहे. बाकीच्या सामानाला वास लागणार नाही, याची काळजी मात्र ज्याची त्याने घ्यावी.

सहल कंपनीबरोबर जावे की स्वतः?

इंग्रजीची, इंटरनेटवरील आरक्षणांची भीती वाटत असेल तर सहल कंपनीबरोबर जाण्यात गैर काही नाही. मराठी जेवण आणि सोबत हा मोठा आधार असतो. मात्र पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतील? प्रेक्षणीय स्थळांचे प्रवेश शुल्क धरले आहे की नुसते बाहेरून दर्शन? हॉटेल शहरात आहे की बाहेर तासभर अंतरावर? सांगितलेल्या किमतीत जीएसटी आणि टीसीएस धरला आहे का?

टीसीएस म्हणजे परदेश सहलीच्या किमतीवर कंपनीने आगाऊ गोळा केलेला कर. त्याचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे आरक्षणाच्या वेळचा दर विचारावा. हा कर बुडत नाही. ज्याच्या पॅनवर तो जमा झाला, त्याने आयकर विवरणपत्र भरले की तो देय करात वळता होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्रच न भरणाऱ्या बागायतदाराला मात्र हे पैसे सोडून द्यावे लागतात.

नकार आला तर? आणि व्हिसा मिळाला तर?

नकार आल्यास पत्रातील कारण नीट वाचावे. अपिलाचा अधिकार असतो आणि त्याची मुदत व पद्धत पत्रातच दिलेली असते. कागद अपुरे असल्याचे स्वतःलाही पटत असेल, तर त्रुटी दूर करून नवा अर्ज करणे अनेकदा सोपे पडते. तेच कागद घेऊन दुसऱ्या देशाकडे अर्ज करणे हा उपाय नाही, कारण आधीच्या नकाराची नोंद सर्व शेंगेन देशांना दिसते.

व्हिसा मिळाल्यावर त्यावरील तारखा, मुक्कामाचे दिवस आणि नावाचे स्पेलिंग लगेच तपासावे. ज्या देशाचा आणि ज्या हेतूचा व्हिसा घेतला, त्याप्रमाणेच प्रवास करावा. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले आहेत. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्याला पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. मुले परदेशी शिकायला जाण्याची शक्यता असलेल्या घरांसाठी ही मोठी सोय आहे. म्हणूनच पहिल्या सहलीची फाईल घरी आल्यावर फेकू नये. बोर्डिंग पास, हॉटेलची बिले आणि त्या हंगामाच्या पट्ट्या एकत्र जपून ठेवाव्यात. पुढच्या अर्जाची निम्मी तयारी तिथेच झालेली असते.